खऱ्या थडग्यावर खोटं भूत बसवू नका: मुलांसाठी दफनभूमीची फेरी आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुलांसाठी दफनभूमीची फेरी आणि भुताच्या गोष्टींचा कार्यक्रम आखणारी ग्रंथालये, संग्रहालये, शाळा आणि इतिहासप्रेमी मंडळे

सप्रेम नमस्कार.

जुन्या दफनभूमीत मुलांना न्यायचं, दगडांवरचा इतिहास वाचायचा आणि अंधार पडू लागला की भुताची गोष्ट सांगायची, ही कल्पना आम्हाला मनापासून आवडते. ती बंद करा असं सांगायला हे पत्र नाही. आमची तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. अनेक फेऱ्यांत इतिहास आणि भूत एकाच थडग्यावर आणून बसवलं जातं. आधी नाव वाचायचं, मग साल वाचायचं आणि आवाज खाली आणून सांगायचं, ‘ही बाई अजूनही रात्री इथे फिरते.’ मुलं शहारतात, पालक खूश होतात. पण त्या दगडाखाली पुरलेल्या बाईबद्दल त्यातलं एकही वाक्य खरं नसतं.

याची किंमत दोघं मोजतात. एक तो दगड. ‘चेटकिणीचं थडगं’ असं नाव पडलं की थोडी मोठी मुलं रात्री पैज लावून तिथे येतात, कोपरे फोडून नेतात, रंग फासतात. दुसरं फेरीत आलेलं मूल. तुम्ही सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी घडलेल्या कोणत्या आणि तिखटमीठ लावलेल्या कोणत्या, हे त्याला कळायला मार्ग राहत नाही. पुढे कधीतरी ते भूत खोटं होतं हे समजतं, तेव्हा त्यासोबतचा इतिहासही ते फेकून देतं.

आमचं मागणं असं आहे: दगडाजवळ उभं राहून फक्त खरं सांगा, आणि भुताची गोष्ट दगडांपासून दूर, गोष्ट म्हणूनच सांगा. यामुळे कार्यक्रम मिळमिळीत होईल अशी भीती वाटत असेल, तर आधी खरं काय काय आहे ते पाहा.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर गावी जानेवारी १८९२ मध्ये मर्सी ब्राउन ही १९ वर्षांची मुलगी क्षयाने वारली. तिची आई १८८३ मध्ये आणि मोठी बहीण १८८४ मध्ये त्याच रोगाने गेली होती. आता भाऊ एडविनही खंगत चालला होता. घरातलं मेलेलं कुणीतरी कबरीतून जिवंतांना शोषतंय, कबरी उघडून बघा, असा लकडा गावकऱ्यांनी वडिलांच्या मागे लावला. १७ मार्चला कबरी उघडल्या. आई आणि बहिणीचे सांगाडे उरले होते. मर्सीचा देह मात्र बराचसा शाबूत होता आणि हृदयात रक्त सापडलं. गावाला तेवढा पुरावा पुरला. हृदय जाळलं, राख पाण्यात कालवून एडविनला औषध म्हणून पाजली. दोन महिन्यांत तोही गेला.

यात एकही शब्द वाढवायची गरज नाही. खरी मजा पुढच्या प्रश्नात आहे: मर्सीचा देह का टिकला? मुलांना तारखा दिल्या की उत्तर ती स्वतःच काढतात. आई आणि बहीण जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, मर्सीला जेमतेम दोन महिने. तेही कडाक्याच्या हिवाळ्यातले, आणि तिला जमिनीत पुरलंच नव्हतं, जमिनीवरच्या दगडी कोठीत ठेवलं होतं. म्हणजे देह जवळजवळ शीतपेटीत होता. देह तपासणाऱ्या डॉक्टरने यात वेगळं काही नाही असं तेव्हाच सांगितलं होतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये १८८२ मध्ये जाहीर केला होता, म्हणजे या घटनेच्या दहा वर्षं आधी. ज्ञान होतं, पण ते त्या गावाच्या गळी उतरलं नव्हतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर हे मांडलं तर पिशाच्चाची गरज उरत नाही, आणि भीती तर तसूभरही कमी होत नाही. मर्सीचा दगड एकदा चोरीला गेला होता. आता तो लोखंडी पट्ट्याने जखडून ठेवावा लागला आहे. ‘पिशाच्च’ हे नाव चिकटण्याची ही किंमत.

दुसरं उदाहरण लोखंडी पिंजऱ्यांचं. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत काही कबरींवर जाड लोखंडी पिंजरे आहेत. त्यांना मॉर्टसेफ म्हणतात. आतलं पिशाच्च बाहेर येऊ नये म्हणून ते बसवले, असं मुलांना सर्रास सांगितलं जातं. खरं नेमकं उलटं आहे: बाहेरचा माणूस आत जाऊ नये म्हणून ते होते. त्या काळी शरीररचना शिकवायला प्रेतं लागत, आणि कायद्याने मिळत ती मोजकीच, जसं फाशी गेलेल्या खुन्यांची. विद्यार्थी पुष्कळ, प्रेतं थोडी. त्यामुळे रात्री ताज्या कबरी उकरून प्रेतं विकण्याचा धंदा सुरू झाला. प्रेत कुजलं की ते शिकवायला निरुपयोगी, म्हणून काही आठवडे पहारा पुरेसा असे. अनेक ठिकाणी तोच पिंजरा एका कबरीवरून काढून पुढच्या कबरीवर ठेवत. हा ‘काही आठवडे’ मुलांना सांगायला विसरू नका. पिंजरा पिशाच्चासाठी असता तर तो कधीच काढला नसता, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

इथेच एक चूक वारंवार ऐकू येते. बर्क आणि हेअर या दोघांना कबरी उकरणारे चोर म्हटलं जातं. त्यांनी कबरी उकरल्या नाहीत. १८२८ मध्ये त्यांनी एडिंबरात १६ जणांचे खून केले आणि देह डॉ. रॉबर्ट नॉक्स या शरीररचनाशास्त्रज्ञाला विकले. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याच्याच देहाचं जाहीर विच्छेदन झालं. १८३२ च्या कायद्याने बेवारस प्रेतं वापरायला परवानगी मिळाली आणि कबरी उकरण्याचा धंदा बसला. पण बेवारस म्हणजे बहुतेक गरीब. श्रीमंतांची भीती संपली आणि गरीबखान्यांत मरणाऱ्यांची सुरू झाली. मोठ्या मुलांना हा भागही सांगा.

दफनभूमी गावाबाहेर का गेली, हाही असाच विषय. पॅरिसच्या मध्यभागी शतकानुशतकं वापरलेल्या ‘इनोसंट्स’ दफनभूमीत एवढे देह साठले, की १७८० मध्ये त्या भाराने शेजारच्या तळघराची भिंत कोसळली. दफनभूमी बंद झाली. १७८६ पासून तिथली हाडं शहराखालच्या जुन्या दगडखाणींत हलवली: रात्री, काळ्या कापडाने झाकलेल्या गाड्यांतून, सोबत मंत्र म्हणणारे धर्मगुरू. याहून अंगावर काटा आणणारी मिरवणूक कोणता कथेकरी रचणार? त्यानंतर शहराच्या कडेला झाडांची, वळणवाटांची दफनभूमी करायची पद्धत आली. पॅरिसची पेर लाशेज १८०४ ची, बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न १८३१ ची, लंडनची हायगेट १८३९ ची. पेर लाशेजमध्ये पहिलं दफन झालं ते पाच वर्षांच्या एका मुलीचं. फेरीतली मुलं तिच्याच वयाच्या आसपास असतील, तर हे वाक्य सावकाश म्हणा.

आता दगड वाचण्याकडे. मुलांच्या हातात कागद द्या आणि १५ ते २० दगडांची नोंद करायला सांगा: नाव, जन्म, मृत्यू, वय, दगडाचा प्रकार, त्यावरचं चिन्ह. यात ठरावीक जागी गफलत होते, ती आधी माहीत हवी.

पहिली गफलत वयाची. इंग्रजी दगडांवर ‘वयाच्या ३५ व्या वर्षात’ अशा अर्थाची ओळ असते. त्या माणसाचं वय ३४ असतं, ३५ नाही. दुसरी नात्याची. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा, आणि ‘कॉन्सॉर्ट’ बहुधा नवऱ्याआधी गेलेल्या बायकोसाठी. दोन शब्द कळले की कोण आधी गेलं हे तारखेशिवाय समजतं. तिसरी सालाची. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ मध्ये पंचांग बदलेपर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारीतल्या मृत्यूचं साल १७३१/२ असं दुहेरी कोरलेलं दिसतं. ती कोरणाऱ्याची चूक नव्हे. त्याच बदलात १७५२ च्या २ सप्टेंबरनंतर थेट १४ तारीख आली. ‘५ सप्टेंबर १७५२ ला इंग्लंडमध्ये एकही माणूस का मेला नाही?’ हे कोडं मुलांना घाला आणि उत्तर फेरीच्या शेवटी सांगा. फेरीभर ती त्यावर वाद घालत राहतील.

मुस्लिम कबरींवर हिजरी साल असतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून नुसते ६२२ मिळवून चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि मग ६२२ मिळवा: १२५० ला गुणलं की १२१२.५, त्यात ६२२ मिळवले की १८३४-३५. ज्यू कबरींवरच्या सालातून ३७६० वजा केले की इसवी साल मिळतं, एखाद्या वर्षाचा फरक धरून. ज्यू थडग्यावर ठेवलेले छोटे खडे मुलांना गोळा करावेसे वाटतात. ते भेटीला आलेल्या माणसांनी आठवण म्हणून ठेवलेले असतात. एकही उचलू देऊ नका, आणि का ते आत शिरण्याआधीच सांगा.

चिन्हांपाशी भुताचा मोह सगळ्यात जास्त होतो. पंख असलेली कवटी दिसली की ‘इथे शाप आहे’ म्हणणं सोपं पडतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जुन्या दफनभूमींत क्रम असा दिसतो: सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंखांची कवटी, मग अठराव्या शतकात हळूहळू पंखांचा गोबरा चेहरा, आणि १८०० च्या आसपासपासून कलश आणि त्यावर झुकलेलं झाड. मरण जवळ आहे, विसरू नका, इथून सुरू होऊन आत्मा उडून गेला, आणि पुढे आम्हाला तुझी आठवण येते, असा हा प्रवास. दोनशे वर्षांत लोकांच्या मनात काय बदललं ते मुलं एका रांगेत चालत बघू शकतात. तुटलेला खांब पाहून ‘कुणी फोडला?’ असं मुलं विचारतात. तो मुद्दाम तसाच घडवलेला असतो, अर्ध्यात संपलेल्या आयुष्याची खूण म्हणून. कोकरू बहुधा लहान मुलाच्या कबरीवर. आणि पेटीसारखी उंच दगडी थडगी: फटीतून सांगाडा दिसेल म्हणून मुलं डोळे लावतात. पेटी रिकामी असते. देह खाली, जमिनीत असतो.

युद्धातल्या कबरी जवळ असतील तर मोजपट्टी न्या. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने ठरवलं की अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच: सुमारे ८१ सेंटिमीटर उंच, ३८ सेंटिमीटर रुंद. मुलांनी स्वतः मोजून दोन दगड सारखे भरले की समता या शब्दावर वेगळं भाषण लागत नाही.

नोंदी जमल्या की वयांची सरासरी काढायची घाई होते. तिथे थांबा आणि विचारा, इथे कोण नाही? दगड परवडणाऱ्यांचेच दगड टिकले. गरिबांच्या लाकडी खुणा कुजल्या, कित्येक तान्ह्या मुलांना खूणच नव्हती. त्यामुळे दगडांवरून काढलेली सरासरी त्या गावाची नसते, त्यातल्या सुस्थितीतल्या लोकांची असते. जगभरात १८०० च्या सुमारास जन्मलेल्या १० मुलांपैकी साधारण ४ पाच वर्षांची होण्याआधी जात. आज हे प्रमाण १०० मध्ये ४ च्याही खाली आहे. दफनभूमीत त्या ४ मुलांचे दगड त्या मानाने फार कमी दिसतात. ती रिकामी जागा मुलांना दाखवा.

झिजलेली अक्षरं वाचण्यासाठी लोक नाही नाही ते करतात, आणि त्याबद्दल आम्हाला कडक शब्दांत लिहावं लागतंय. दाढीचा फेस लावू नका. त्यात स्टिअरिक आम्ल असतं, ते दगडाच्या छिद्रांत राहतं आणि धुऊन पूर्ण निघत नाही. पीठ चोळू नका, त्यावर बुरशी वाढते. खडू ओढू नका, त्याने मऊ दगडावर ओरखडे उठतात. ब्लीच तर मुळीच नको: त्याचे क्षार आत सुकून स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कागद ठेवून पेन्सिल किंवा मेणाने ठसा घेण्याचा खेळ मुलांना फार आवडतो, पण पृष्ठभाग सुटत आलेल्या वालुकाश्मावर हाताचा तेवढा दाबही पुरतो आणि अख्खी ओळ कागदाबरोबर येते. संगमरवर पावसातल्या आम्लाने विरघळतो. बोट फिरवलं आणि साखरेसारखे कण हाताला लागले, तर त्या दगडाला हात लावणं तिथेच थांबवा. पाटीच्या दगडावरची अक्षरं मात्र दोनशे वर्षांनीही धारदार राहतात, म्हणून वाचन तिथून सुरू करा.

अक्षरं वाचायला लागतो तो तिरपा उजेड. साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचा न फुटणारा प्लॅस्टिकचा आरसा घ्या. एका मोठ्या माणसाने तो उन्हात धरून कवडसा दगडाच्या कडेवरून, पृष्ठभागाला घासून जाईल असा सोडायचा. समोरून टाकलेला उजेड काहीच दाखवत नाही, कारण सावलीच पडत नाही. कडेने टाकला की खोलगट अक्षरांत सावली भरते आणि गायब झालेलं नाव वर येतं. संध्याकाळी हेच काम टॉर्चने होतं: दगडाच्या बाजूला चिकटवून, जवळजवळ समांतर धरायचा. कोऱ्या दगडावर नाव उमटतं त्या क्षणी मुलं जी शांत होतात, ती कुठल्याही भुताच्या गोष्टीत होत नाहीत. फोटो काढा, नोंद घ्या आणि पुढे चला. दगडफूल खरवडून काढू नका. त्यातल्या काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. ऑस्ट्रियात १९५० च्या दशकात रोलांड बेशेल यांनी साल कोरलेल्या थडग्यांवरच्या दगडफुलांचा व्यास मोजला आणि त्यावरून साल नसलेल्या खडकांचं वय काढायची पद्धत बसवली. तो डाग म्हणजे घड्याळ आहे.

आता धोका. दफनभूमीत मुलांना खरा धोका पडणाऱ्या दगडाचा असतो. हिशेब करा: १२० सेंटिमीटर उंच, ६० रुंद आणि १० जाड दगड वालुकाश्माचा असेल तर सुमारे १६५ किलो, ग्रॅनाइटचा असेल तर १९० च्या वर. थडग्यावर आडवी ठेवलेली शिळा ४०० किलोपर्यंत जाते. जुने दगड पायाशी लोखंडी खिळ्यांनी जोडलेले असत. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून चिरतो. वरून मात्र सगळं ठीक दिसतं. पाच-सात वर्षांचं मूल वर चढायला दगडाची वरची कड धरून लोंबकळतं आणि दगड त्याच्याच अंगावर येतो. म्हणून आठवडाभर आधी मार्गावरून चालत जा. झुकलेले, पायाशी भेग असलेले, जोडात शेवाळ भरलेले दगड टिपा. हाताने ढकलून तपासू नका, ते काम जाणकाराचं आहे. संशय आला तर तिथला थांबा रद्द करा, आणि इतर ठिकाणीही मुलांना दगडापासून त्याच्या उंचीएवढं अंतर ठेवून उभं करा. जमिनीतले खड्डेही बघा. खाली पेटीचं झाकण कुजून कोसळलं की वरची माती खचते, आणि गवत त्यावर पसरल्याने खड्डा दिसत नाही. यू नावाची सदाहरित झाडं असतील तर त्यांची पानं आणि बिया विषारी, फळाचा लाल गर सोडून सगळंच. त्या दिवशी दफनविधी आहे का, हे सकाळी कार्यालयात विचारायचं. असेल तर मार्ग बदला.

राहिली गोष्ट. ती जिथे सांगाल ती जागा दगडांपासून दूर हवी: फाटकाजवळचं मोकळं मैदान, ओटा, प्रार्थनागृहाची पायरी. मुलांना अर्धवर्तुळात बसवा, एका वेळी २० पेक्षा जास्त नकोत, उघड्यावर त्यापुढे आवाज पोचत नाही आणि मागची मुलं खुसफुस करू लागतात. सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या पाठीमागे भिंत किंवा दाट कुंपण येऊ द्या. पाठीमागे मोकळा अंधार असला की लहान मूल गोष्ट ऐकत नाही, मागे वळून बघत बसतं. कंदील सांगणाऱ्याच्या पायाशी, मंद. मोबाइलचे दिवे बंद, कारण डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगमगाटात ते सगळं वाया जातं. गोष्ट संपल्यावर आधी वाट उजळायची, मगच मुलांना उठवायचं.

दचकणं वेगळं आणि भीती वेगळी. झुडपामागून कुणाला तरी बाहेर उडी मारायला लावणं ही कला नाही. त्याने मुलं दगडांमध्ये सैरावैरा पळतात आणि ठेचकाळतात. खरी भीती थांबण्यात असते. ‘खुट्ट’ म्हणा आणि मनात तीनपर्यंत मोजा. आवाज वाढवू नका, कमी करा, म्हणजे मुलं पुढे झुकतील. लहानांना सात-आठ मिनिटं, मोठ्यांना पंधरा, त्यापलीकडे ताणू नका.

कोणती गोष्ट? एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममधल्या धाकट्या प्लिनीने एका पत्रात लिहिलेली गोष्ट आम्ही आवर्जून सुचवतो. अथेन्समध्ये एक घर, रात्री साखळदंडांचा आवाज, राहायला कुणी धजावत नाही. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ ते भाड्याने घेतो आणि रात्री लिहीत बसतो. साखळ्या वाजवत म्हातारं भूत येतं, बोटाने बोलावतं. हा हातानेच ‘थांब जरा’ म्हणतो आणि लिहीत राहतो! शेवटी दिवा घेऊन मागे जातो, भूत अंगणात दिसेनासं होतं, तो तिथे पानं-गवत ठेवून खूण करतो. सकाळी खणल्यावर साखळदंडात अडकलेली हाडं सापडतात. त्यांचं रीतसर दफन होतं आणि आवाज थांबतो. लहानांसाठी हिच्यात सगळं आहे. नायक पळत नाही, भुताला कुणाचं वाईट करायचं नाही, त्याला काहीतरी हवं आहे आणि ते देता येतं. शिवाय जवळच्या कुठल्याही थडग्याचं नाव लागत नाही. वेताळाच्या गोष्टींची युक्तीही उचला: शेवटी निकाल न सांगता प्रश्न विचारायचा. प्रश्नावर बोलताना मुलांची भीती आपोआप ओसरते. स्थानिक आख्यायिका सांगायचीच असेल तर ‘लोक सांगतात’ असं म्हणून, आणि गेल्या शंभर वर्षांत पुरलेल्या कुणाचंही नाव न घेता. त्यांचे नातेवाईक हयात असतात.

वयाचा विचार नुसत्या सोयीने करू नका. १९४८ मध्ये मारिया नाज यांनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी निघून जाणं वाटे. पाच ते नऊमधली अनेक मुलं मृत्यूला माणूस समजत, येऊन घेऊन जाणारा. सगळ्यांनाच मरण येतं आणि ते आतून घडतं, ही समज साधारण नऊनंतर. ही वयं रेघ मारल्यासारखी नसतात, पण फेरीला पुरेशी आहेत. सहाच्या आतल्यांना दिवसा आणा, चिन्हं शोधू द्या, भूत नको. सहा ते नऊमधल्यांना प्लिनीसारखी सुटणारी गोष्ट. ‘तो येतो आणि घेऊन जातो’ असली गोष्ट या वयाला कधीच नको, कारण त्यांच्या मनात तो आधीच उभा असतो. मर्सी ब्राउन दहानंतर.

नावनोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ घाला: गेल्या वर्षभरात घरात कुणी गेलं आहे का? असेल तर पालकांशी आधी बोला. मेलेल्या माणसाला ‘झोपलाय’ म्हणू नका, मूल त्या रात्री झोपायला घाबरतं. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि घाबरलेल्या मुलाला घेऊन बाहेर जाणारं माणूस आधी ठरलेलं हवं, गोष्ट सांगणारं नव्हे. ‘भुतं खरंच असतात का?’ असं कुणी विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ सांगा: ‘आम्ही सांगितली ती गोष्ट होती. आवाज मात्र खरे असतात.’ आणि गव्हाणी घुबडाबद्दल सांगा. पांढरा चेहरा, पंखांचा आवाज नाही, चिरकी किंकाळी, आणि वस्ती जुन्या मनोऱ्यांत. अंधारात ते डोक्यावरून गेलं तर मोठ्यांचीही गाळण उडते.

शेवटची दहा मिनिटं फाटकाजवळ, भरपूर उजेडात. चिठ्ठ्यांवर फेरीतलं एकेक वाक्य लिहून आणा आणि तीन ढीग करायला सांगा: घडलेलं, गोष्टीतलं, आणि मागाहून कुणीतरी चिकटवलेलं. ‘पिंजरे पिशाच्चासाठी होते’ ही चिठ्ठी तिसऱ्या ढिगात जाते. ‘भुताला थांब म्हटलं’ ही दुसऱ्यात. ५ सप्टेंबरच्या कोड्याचं उत्तर इथेच फोडा. मर्सीच्या हृदयाची राख भावाला पाजली, ही चिठ्ठी मुलं बहुधा दुसऱ्या ढिगात टाकतील. ती उचलून पहिल्या ढिगात ठेवा, आणि का ते विचारू द्या. मग मुलं मोजा, आणि संख्या जुळल्यावरच फाटक लावा.

आपले,
दगड वाचणारे आणि गोष्टी सांगणारे काही जण